घोडबंदरचा डोंगर: चढायला सोपा, उतरायला फसवा

ठाणे : भातकापणी उरकली, झोडणी झाली, की शहापूर-मुरबाडकडच्या तरुणांना एखादा रविवार मोकळा मिळतो. मग ग्रुपवर मेसेज पडतो, 'येऊरच्या डोंगरात जाऊन येऊ, एका दिवसाचं काम आहे.' ज्यांनी माहुली चढलाय, नाणेघाट पाहिलाय, त्यांना घोडबंदर रोडच्या कडेचा हा डोंगर टेकडीसारखाच वाटतो. उंची पाचशे मीटरच्या आत. खाली बसगाड्यांचा आवाज, समोर वीस-वीस मजली टॉवर. इथं कोण हरवणार?

नेमकी इथंच फसगत होते. रस्ता जवळ दिसतो म्हणून लोक उशिरा निघतात, पाणी कमी घेतात, पायात चप्पल असते आणि परतताना 'सरळ खाली उतरू' म्हणून वाट सोडतात. डोंगर उंचीला कमी असला तरी तो कातळाचा आहे, आणि कातळाची रचना समजून घेतली तर धोका कुठं आहे ते आपोआप कळतं.

डोंगर कोणता, हद्द कोणाची

ठाण्याहून कापूरबावडी, मानपाडा, वाघबीळ, ओवळा, गायमुख असं घोडबंदरच्या दिशेनं निघालं की डाव्या हाताला डोंगराची रांग लागते. तेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. बोरिवलीचं म्हणून ते ओळखलं जातं, पण सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या जंगलाचा निम्म्याहून जास्त भाग ठाणे जिल्ह्यात आहे. उजव्या हाताला वसईची खाडी आणि खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्याचे डोंगर. वाघबीळ हे नावच सांगतं, की आजच्या गृहसंकुलांच्या जागी पूर्वी काय होतं.

उद्यानात तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत. दोन्ही एकोणिसाव्या शतकातले, आणि मुंबईला आजही त्यांचं पाणी जातं. म्हणजे हा डोंगर नुसता फिरायचा नाही, तो पाणलोट आहे. तिथं टाकलेली प्लास्टिकची बाटली पुढच्या पावसात ओढ्याला लागते.

आधी परवानगी, मग पायवाट

गावाकडच्या माणसाला एक गोष्ट पटकन पटत नाही, ती म्हणजे जंगलात जायला तिकीट कशाला. आपल्या तालुक्यातली बरीच जंगलं राखीव वन आहेत, तिथं गुराखी, मोळीवाले, सगळे ये-जा करतात. राष्ट्रीय उद्यानाचा कायदा त्याहून कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ प्रमाणे परवानगीशिवाय अभयारण्यात शिरता येत नाही, आणि तोच नियम राष्ट्रीय उद्यानाला लागू आहे. सरकारी कामावरचा माणूस, आत हक्काची जमीन असलेला, सार्वजनिक रस्त्याने जाणारा, यांना सूट आहे. बाकी सगळ्यांनी परवानगी घ्यायची. आग लावणं, हत्यार नेणं, जनावराला त्रास देणं, कचरा टाकणं यालाही याच कायद्यात मनाई आहे. चुलीवरची कोंबडी आणि 'जंगल पार्टी' त्यामुळे आपोआपच बाद होते.

ठाण्याच्या बाजूने येऊरचं प्रवेशद्वार आणि मानपाड्याचं निसर्ग परिचय केंद्र ही दोन ठिकाणं विचारपूस करायला सोयीची आहेत. कुठली वाट सध्या चालू आहे, सोबत वाटाड्या घ्यावा लागतो का, शुल्क किती, हे गेटवरच विचारावं, कारण यात बदल होत असतो. एखाद्या व्हिडिओत दिसलेली वाट चालू असेलच असं नाही. बोरिवलीचं मुख्य प्रवेशद्वार सोमवारी बंद असतं. पावसाळ्यात धबधबे आणि ओढ्यांवर जायला मनाई आदेश निघतात, तेव्हा 'पोलीस दिसले नाहीत' म्हणून आत शिरणं म्हणजे गुन्हाही आणि जीवाशी खेळही.

शुल्काची पावती घेतली की गेटवर नोंद होते. संध्याकाळी तुम्ही बाहेर आला नाहीत, तर कोणी आत आहे हे त्या नोंदीवरून कळतं. मागच्या कुंपणातून शिरलेल्याची अशी नोंद कुठंच नसते.

कातळाच्या पायऱ्या

आता मुख्य मुद्दा. सह्याद्रीसारखाच हा भागही ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा दुसरा थर. असे थरावर थर बसत गेले. काही थर टणक, काही भुसभुशीत. विहीर खणताना आपण हेच पाहतो, आधी मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच मऊ पट्टा.

हजारो पावसाळ्यांत मऊ थर झिजले आणि टणक थर उभे राहिले. त्यामुळे डोंगराचा उतार सरळ घसरगुंडीसारखा नसून जिन्यासारखा झाला. थोडी सपाटी, मग एकदम कडा. पुन्हा सपाटी, पुन्हा कडा. एखादी पायरी गुडघ्याएवढी, एखादी दोन माणसांएवढी, तर एखादी त्याहूनही खोल.

खालून वर बघताना या पायऱ्या दिसतात. वरून खाली बघताना दिसत नाहीत. वरच्या सपाटीवरून नजर थेट खालच्या झाडांच्या शेंड्यावर जाते आणि मधला कडा झाडीत लपतो. कारवी दाट असेल तर काठावर उभं राहिल्यावरच कळतं, की पुढं जमीन नाही. 'तो बघ रस्ता, सरळ उतरू' असं म्हणणारा माणूस यामुळेच अडकतो.

दुसरं, चढताना पकड डोळ्यांसमोर असते. हात आधी जातो, पाय मागून. उतरताना पाय आधी जातो, आणि तो कुठं ठेवायचा ते दिसत नाही. आंब्यावर सरसर चढलेलं पोर उतरताना रडतं ते याच कारणानं. म्हणून एक साधी खूणगाठ बांधावी: जी कातळपायरी उतरता येईल याची खात्री नाही, ती चढूच नये.

ओढा धरून उतरू नका

वाट चुकलेला माणूस बहुतेक वेळा एकच विचार करतो. पाणी खाली जातं, खाली गाव असतं, म्हणून ओढा धरू. भातखाचरांच्या मुलखात हे खरंही ठरतं. कातळाच्या डोंगरात मात्र हा सल्ला घातक आहे.

ओढा ज्या घळीतून वाहतो ती घळ प्रत्येक टणक थराच्या काठावर तुटते. पावसाळ्यात तिथं धबधबा असतो, उन्हाळ्यात कोरडा कडा. पहिली पायरी माणूस उडी मारून उतरतो, दुसरी घसरत उतरतो, तिसरीला खोली जास्त असते. आता खाली जाता येत नाही आणि मागच्या दोन पायऱ्या वर चढताही येत नाहीत. घळीत मोबाइलला रेंज मिळणं अवघड, आणि हाकही दोन्ही भिंतींत अडकून राहते.

त्याऐवजी डोंगराची सोंड, म्हणजे दोन घळींमधला उंच दांड बघावा. जुन्या माणसांच्या पायवाटा बहुतेक दांडावरून जातात. तिथून चहूकडे दिसतं, रेंज मिळण्याची शक्यता जास्त आणि शोधणाऱ्यालाही माणूस लवकर दिसतो. एक गोष्ट मात्र ओळखता आली पाहिजे. जंगलात गुरांच्या आणि जनावरांच्या वाटाही असतात. त्या झुडपाखालून जातात, माणसाला सारखं वाकावं लागतं, आणि मध्येच फुटून नाहीशा होतात. वाट अशी वागायला लागली की समजावं, ही माणसाची नव्हे. तिथूनच मागे फिरावं.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. कातळात पाणी मुरत नाही. वरच्या सपाटीवर पडलेली सर थोड्याच वेळात घळीत उतरते. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर पाऊस झालेला असू शकतो. ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहायला लागल्या, आवाज बदलला, की सामान सोडून काठावर चढायचं. फोटो नंतर काढता येतात.

घड्याळाचा हिशोब

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातल्या चालीचा एक हिशोब मांडला. सपाटीला तासाला साधारण पाच किलोमीटर धरायचे, आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास वाढवायचा. जगभर डोंगर चढणारे अजून हा हिशोब वापरतात. पण तो थंड हवेतल्या, धडधाकट माणसाचा आहे. आपल्याकडचं ऊन, कातळ आणि सोबतची लहान पोरं धरली तर आलेला आकडा दुप्पट करावा.

उदाहरण घेऊ. जाऊन-येऊन आठ किलोमीटर आणि तीनशे मीटर चढ आहे. चालीला एक तास छत्तीस मिनिटं, चढाला अर्धा तास. झाले दोन तास सहा मिनिटं. दुप्पट केले की सव्वाचार तास. वर नाश्ता, विश्रांती, फोटो यांचा एक तास. म्हणजे सव्वापाच तास.

सकाळी साडेसातला निघालेला गट पावणेएकला खाली असतो. अकराला निघालेला सव्वाचारला पोचतो, पण भर दुपार त्याने तापलेल्या कातळावर काढलेली असते. आणि 'जेवून निघू' म्हणत एकला निघालेला गट सव्वासहाला पोचतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, झाडीत अंधार त्याच्याही आधी पडतो. उताराचा शेवटचा भाग हा गट अंधारातच उतरणार, हे निघतानाच ठरलेलं असतं.

त्यामुळे निघण्याआधीच परतीची वेळ ठरवावी. एकूण वेळाचा निम्मा भाग संपला की माथा समोर दिसत असला तरी मागे वळायचं. हे गटातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं, म्हणजे वर जाऊन वाद होत नाही. चाल नेहमी सगळ्यात हळू चालणाऱ्याची धरावी. त्याला मागे सोडून पुढं पळणारा गट हा गट राहत नाही.

पाणी सोबतच न्यायचं

याच रांगेत बोरिवलीच्या बाजूला कान्हेरीची लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून पुढं हजारेक वर्षं तिथं बौद्ध भिक्खूंची वस्ती होती. शंभरावर लेणी आहेत, आणि लेण्यांच्या शेजारी कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी आहेत. पावसाचं पाणी पन्हळीतून पोढीत साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं, अशी त्यांची सोय होती. या डोंगरावर पावसाळ्यानंतर पाणी टिकत नाही, हे त्या लोकांना दोन हजार वर्षांपूर्वी कळलं होतं.

दिवाळीनंतर बरेच ओहोळ आटत जातात. जे डबक्यात दिसतं ते जनावरांचं पाणी आहे, आपण पिऊ नये आणि त्यात हातपायही धुऊ नयेत. माणशी निदान तीन लिटर पाणी घरूनच न्यावं. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, भाकरी-चटणी, शेंगदाणे-गूळ, केळी एवढं पुरतं. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला दोन घोट घ्यावेत. निम्मं पाणी संपलं तर तीही मागे फिरायची खूण समजावी.

काळा कातळ ऊन धरून ठेवतो, आणि त्याची धग खालून लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने त्यामुळे बरे. मार्चपासून सकाळी लवकर जाऊन दहाच्या आत परतावं. चालणारा माणूस बडबडायला लागला, त्याला गरगरलं, अंग तापलं, तर त्याला सावलीत निजवून अंगावर पाणी मारायचं, वारा घालायचा आणि मदत बोलवायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

पाय कुठं टाकायचा

टणक कातळावर बारीक मुरूम पसरलेला असला तर तो धान्याच्या दाण्यांसारखा पायाखाली फिरतो. अशा जागी लांब टांग टाकू नये, छोटी पावलं टाकावीत, पूर्ण तळवा टेकवावा. ओला काळपट किंवा हिरवट कातळ म्हणजे शेवाळ, तिथं कितीही चांगला बूट घसरतो. उंच पायरी असेल तर कातळाकडं तोंड करून, शिडी उतरतो तसं उतरावं. लाज वाटू देऊ नये, बसून उतरलेला माणूस धड घरी येतो.

बुटाला खाचांचा रबरी तळ असावा. घासून गुळगुळीत झालेला बूट आणि चप्पल दोन्ही सारखेच. एकाच्या डोक्यावर दुसरा असं सरळ रेषेत चढू नये. पायाखालून दगड सुटला तर 'दगड!' अशी मोठ्यानं हाक द्यावी. वाळलेलं झाड, गवताचा झुबका किंवा कारवी यांना धरून अंगाचा भार टाकू नये.

कारवीवरून आठवण करून द्यायला हवी. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. इथं २०१६ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये फुलली, आता २०३२ मध्ये फुलेल. कुडाच्या भिंतीला हिच्याच काठ्या लागतात. फुलोऱ्यानंतर झाड मरतं आणि पडलेल्या बियांतून नवी कारवी उगवते. वाट सोडून तुडवलेली कोवळी रोपं म्हणजे पुढच्या फुलोऱ्यातली तेवढी घट.

जंगलातले रहिवासी

कॅमेरा लावून केलेल्या पाहणीत २०१५ मध्ये या उद्यानात आणि लगतच्या भागात ३५ बिबटे नोंदले गेले होते, २०१८ मध्ये ४७. बिबट्याला हा डोंगर आणि आपले तालुके वेगळे नाहीत. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेला एक नर बिबट्या बाहेर काढून, गळ्यात पट्टा बसवून माळशेज घाटात सोडला होता. अभ्यासकांनी त्याला 'आजोबा' नाव दिलं. तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून याच उद्यानापर्यंत आला. वाटेत वस्त्या, रेल्वे, महामार्ग सगळं ओलांडलं, पण कोणा माणसाला इजा केली नाही. डिसेंबर २०११ मध्ये उद्यानाजवळ महामार्गावर वाहनाच्या धडकेनं तो मेला. घोडबंदर रोडवर रात्री गाडी हळू चालवायची ती यासाठीही.

बिबट्या दिसणं सोपं नाही, तो माणसाला टाळतो. संध्याकाळ आणि पहाट ही त्याची वेळ, म्हणून अंधारापूर्वी बाहेर पडायचं. दिसलाच तर पळू नये, खाली वाकू किंवा बसू नये. लहान मुलाला उचलून घ्यावं आणि तोंड त्याच्याकडं ठेवून हळूहळू मागं सरावं.

साप चावला तर चिरू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये, भगताकडं जाऊन वेळ घालवू नये. चावलेला हात-पाय काठीच्या आधारानं स्थिर ठेवावा, माणसाला न चालवता उचलून आणावं आणि थेट सरकारी रुग्णालयात न्यावं. प्रतिविष हाच उपाय. कड्यांना आग्या मोहोळ लागलेलं असतं, त्याच्या आसपास धूर, अत्तर, आरडाओरडा, दगडफेक यातलं काहीच नको. खाजकुइलीच्या शेंगा ओळखत नसाल तर वेलींना हात लावू नये.

पाड्यातली माणसं

येऊरच्या जंगलात पाटोणपाडा, वणीचा पाडा, भेंडीपाडा, जांभूळपाडा असे आदिवासी पाडे आहेत. वारली, महादेव कोळी समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं आहेत. वाघोबाला मानणारी ही माणसं. कुठल्या घळीत कडा आहे, कुठला दांड खाली उतरतो, हे त्यांना पाठ असतं. निघण्याआधी पाड्यावर दोन मिनिटं थांबून 'दादा, वाट कशी आहे?' असं विचारलं तर अर्धी चिंता मिटते. वाटाड्या म्हणून कोणाला सोबत घेतलं तर त्याची मजुरी आधी ठरवून पूर्ण द्यावी.

रविवारी आलेला पाहुणा रात्री अडकला, की शोधायला वनखातं, पोलीस, अग्निशमन दल यांच्यासोबत याच पाड्यांतली माणसं बॅटरी घेऊन निघतात. त्यांनाही दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं, आणि अंधारात तोच कातळ त्यांच्याही पायाखाली असतो.

वाट चुकली तर

पहिल्यांदा थांबावं. बसावं, पाणी प्यावं. शेवटची ओळखीची खूण कुठं होती ते आठवून तिथपर्यंत आलेल्या वाटेनंच मागं जावं. ते जमत नसेल तर दांडावरच्या मोकळ्या जागी एकत्र राहावं, माणसं वाटून चार दिशांना पाठवू नयेत. ११२ ला फोन करून मोबाइलवरचं लोकेशन पाठवावं. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनखात्याची मदत १९२६ वर मिळते. बॅटरी वाचवायला बाकी फोन बंद ठेवून एकच चालू ठेवावा. अंधार पडलाच तर उतरायचा हट्ट सोडावा. डोंगरात एक रात्र बसून काढली तर सकाळी माणूस थंडीनं कुडकुडलेला, डासांनी फोडलेला सापडतो, पण जिवंत सापडतो.

जाण्यापूर्वी तपासा

- घरी कोणाला तरी वाट, सोबतची माणसं आणि परतीची वेळ सांगितली का?
- गेटवर पावती घेतली, वाट चालू असल्याचं विचारलं का?
- माणशी तीन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, खाचांचे बूट आहेत का?
- मोबाइल पूर्ण चार्ज, वेगळी बॅटरी, शिटी आणि पट्टी-मलम आहे का?
- किती वाजता मागे फिरायचं ते सगळ्यांना माहीत आहे का?
- कचरा परत आणायला पिशवी घेतली का?

मुरबाडहून येणाऱ्यांनी एसटीने कल्याण आणि पुढं लोकलने ठाणे, शहापूरकरांनी आसनगावहून लोकल पकडावी. ठाणे स्टेशनहून येऊरला बस आहे, आणि घोडबंदर रोडने बोरिवलीकडं जाणाऱ्या बस मानपाड्यावरून जातात. साडेसातला गेटवर पोचायचं तर पहाटेची पहिली गाडी धरावी लागेल. तेवढं जमणार नसेल तर त्या दिवशी डोंगराचा बेत रद्द करावा आणि पुढच्या रविवारी लवकर निघावं.